आपला माल आणा, चालवून पाहा

पिंप्राळ्यातल्या द्रौपदाबाई अडकमोलच्या आयुष्यात जे जे चांगलं झालं, ते भांडणातून झालं. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगतानाही कपाळाला आठी असायची.

मसाल्याचा धंदाही भांडणातूनच सुरू झाला. शिरपूरकडची ही मुलगी लग्न होऊन जळगावात आली. नवरा आधार रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होता. थोरला देवचंद आणि धाकटी पोरं शाळेत जायला लागली तशी ती गावातल्या एका मसाला कांडपात कामाला लागली. काम मिरच्यांची देठं खुडायचं, आणि तेही बाहेर अंगणात बसून. आत कढईपाशी, चाळणीपाशी तिला जाऊ देत नसत. तिने खुडलेल्या मिरच्या आत गेलेल्या चालायच्या, ती गेलेली चालायची नाही. एक दिवस आत कोणी नसताना खोबरं करपायला लागलं. वास अंगणापर्यंत आला. तिने हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. शेवटी तीच आत शिरली आणि पदराने धरून कढई खाली उतरवली. खोबरं वाचलं. मालकीणबाई आल्या, त्यांनी सगळं पाहिलं आणि मोलकरणीला हाक मारून फरशी धुवायला सांगितली. द्रौपदाबाई अजून तिथेच उभी होती. हात भाजलेला होता.

ती त्या कांडपात परत गेली नाही. त्याच महिन्यात तिने स्वतःच्या घरामागे चूल मांडली.

काळ्या मसाल्याला तिचा हात चांगला होता. धने, तीळ, दगडफूल, लाल मिरची आणि भरपूर खोबरं. सगळं तेलावर काळपट होईपर्यंत भाजलेलं. आधी गल्लीतल्या बायका घेऊन जायच्या. मग धुळ्याच्या रस्त्यावरचे ढाबेवाले घ्यायला लागले, कारण शेवभाजीला तो तवंग दुसऱ्या कुठल्या मसाल्याने येत नव्हता. ट्रकवाले ढाब्यावर जेवून विचारायचे, हा मसाला कुठे मिळतो. हळूहळू गल्लीतल्या बायका तिच्याकडे कामाला आल्या. त्यांच्यात कमलबाई सगळ्यात जुनी. प्लॅस्टिकची पिशवी भरायची, तोंड हॅक्सॉच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सर्रकन ओढायचं. पिशवी चिकटली तर चिकटली, नाहीतर बोट भाजलं. कमलबाईच्या अंगठ्याची कातडी कायमची गुळगुळीत झाली होती.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. शिरपूरचा एक दुकानदार, पुना त्याचं नाव, माल घ्यायला आला. म्हणाला, "अक्का, हे मोठे पुडे आता कमी खपतात. सातपुड्याकडचे लोक बाजारच्या दिवशी येतात, त्यांना एका भाजीपुरतं लागतं. शांपूच्या पुड्या कशा एकाखाली एक लटकतात, तशी लडी करून द्या. तुमच्याशिवाय दुसरा मसाला ठेवणार नाही मी."

लडी मेणबत्तीवर होत नाही. त्याला मशीन लागतं. द्रौपदाबाईने चौकशी केली, तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. धुळ्याला आग्रा रोडवर तोतारामशेठची एजन्सी आहे, पुड्या भरायची मशीनं तिथे मिळतात.

आधारने रजा काढली आणि दोघं एस.टी.ने धुळ्याला गेले. द्रौपदाबाईने मांडीवर मसाल्याचा डबा धरला होता. पारोळ्यापर्यंत सगळ्या बसला त्याचा वास येत होता आणि पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याने मागे वळून "पाहुणे कोणत्या गावना?" असं विचारलंसुद्धा.

तोतारामशेठ पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याने चहा मागवला. तो काचेच्या ग्लासात आला, शेठचा मात्र कपबशीत. द्रौपदाबाईच्या हे लक्षात आलं. आधारच्याही आलं, तरी तो चहा प्यायला.

मशीन शेडमध्ये उभं होतं. वर नरसाळ्यासारखा मोठा डबा, मध्ये फिरणारी चकती, तिच्यावर वाट्या आणि खाली गरम जबडा. शेठने डब्यात साखर ओतली आणि बटण दाबलं. प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळीवरून खाली आली, तिची नळी झाली, वाटीभर साखर आत पडली आणि जबडा मिटला. पुडी तयार. तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. टक, टक, टक. द्रौपदाबाई पाहत राहिली. कमलबाईचा अंगठा तिच्या डोळ्यांसमोर आला.

"यात माझा मसाला टाकून दाखवा," ती म्हणाली आणि डबा पुढे केला.

"बाई, मशीन म्हणजे मशीन. साखर चालली, मसालाही चालणार. उगाच कशाला त्यात वास भरायचा? धूत बसावं लागेल."

'धूत' हा शब्द तिच्या कानात रुतला.

शेठने नाव, गाव, आडनाव विचारलं. आडनाव ऐकून तो जरा थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का? तुमच्या भल्याचं सांगतो. हे मोठं मशीन तुम्हाला झेपायचं नाही. तुम्ही आपलं हातानं दाबायचं छोटं सीलर न्या. आणि पुडीवर आडनाव छापू नका. खायची वस्तू आहे. गिऱ्हाईक वाचतं आणि परत ठेवतं. लक्ष्मी, अन्नपूर्णा, असं काहीतरी ठेवा."

आधार खाली बघत होता. द्रौपदाबाई उठून उभी राहिली. रागावली की तिच्या तोंडून आपोआप माहेरची अहिराणी यायची.

"मना मसाला शे, नाव बी मनंच ऱ्हाई," ती म्हणाली. "आणि हातनं सीलर माले नको. हाई मोठं मशीनच पाहिजे. बोल, मशीन कधी धाडशी?"

शेठने हात जोडले. "तुमची मर्जी. मी आपलं सांगितलं."

पैशांची सोय तिने कशी केली, ते तिने कोणाला सांगितलं नाही. गळ्यातली पोत मात्र त्यानंतर कधी दिसली नाही.

मशीन टेम्पोतून आलं, तेव्हा गल्ली जमली. जुळवून द्यायला शेठचा फिटर अभिमन आला होता. बायकांनी मशीनला हार घातला, कोणी पेढे आणले. पुडीच्या पट्टीवर लाल अक्षरात छापलं होतं, 'अडकमोल काळा मसाला, पिंप्राळा, जळगाव'. आधारने ती पट्टी उलगडून दोनदा वाचली.

मग मसाला ओतला.

साखर वाहते, काळा मसाला वाहत नाही. त्यात खोबऱ्याचं तेल, तिळाचं तेल. तो डब्यात ढिगासारखा बसून राहिला. चकती फिरत होती आणि वाट्या अर्ध्याच भरत होत्या. कमलबाईने डब्याला लाकडाने ठोकलं, तर वरचा ढिगारा एकदम कोसळला आणि पुडी फुगून फाटली. काही पुड्या अर्ध्या, काही दुप्पट. त्यातून मसाल्याची बारीक भुकटी उडायची, ती नेमकी जिथे जबडा मिटायचा तिथे चिकटायची. वरून पाहिलं तर पुडी बंद. बोटाने दाबलं की फुस्स.

"जमेल हळूहळू," अभिमन म्हणाला. "नवं आहे." आणि संध्याकाळच्या बसने निघून गेला.

द्रौपदाबाईला पुनाला माल द्यायचा होता. त्यातल्या त्यात बऱ्या पुड्या निवडून तिने लड्या पाठवल्या. उन्हाळ्याचे दिवस. शिरपूरच्या दुकानात पत्र्याखाली त्या लटकल्या आणि तेल सुटायला लागलं. चार-सहा दिवसांत पुना स्वतः आला. येताना सगळ्या लड्या एका गोणीत भरून घेऊन आला, आणि गोणीला बाहेरून तेलाचे काळे डाग.

"अक्का, खाली साखरेचं पोतं होतं माझं. सगळं खराब झालं. लोक माझ्या दुकानात येऊन हसले. म्हणे, पाहा, यांच्या पुड्या."

"यांच्या म्हणजे?" द्रौपदाबाईने विचारलं.

पुनाने गोणी भिंतीकडे सरकवली. तो वाईट माणूस नव्हता. पण ते 'यांच्या' तिथेच पडून राहिलं, गोणीजवळ.

तिने धुळ्याला फोन लावला. एस.टी.डी. बूथवर बाहेर रांग लागली होती आणि आत ती ओरडत होती. तोतारामशेठ पलीकडून शांतपणे म्हणाला, "मशीनमध्ये खोट नाही बाई. तुमचा मसालाच तेलकट आहे. खोबरं कमी करा, भाजताना तेल घालू नका. सुटसुटीत होईल."

"म्हणजे तुमच्या मशीनसाठी मी माझा मसाला बदलू?"

"धंदा करायचा तर बदलावं लागतं."

तिने फोन आपटला. बूथवाला म्हणाला, "मावशी, फोन सरकारचा आहे." तर ती त्याच्यावरही ओरडली.

पुढचे कितीतरी दिवस ती सगळ्यांवर ओरडत होती. आधारवर, बायकांवर, दूधवाल्यावर. मशीन खोलीच्या अर्ध्या भागात उभं होतं आणि बायका उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा मेणबत्ती लावून बसल्या होत्या. एक दिवस कमलबाईची पिशवी वाकडी चिकटली आणि द्रौपदाबाई तिला काहीतरी टोचून बोलली. कमलबाईने पातं खाली ठेवलं.

"तू त्यानावर चिडीसन मशीन लिधं," ती म्हणाली. "आमले इचारं का? आम्ही बठ्ठ्या जनी हाई पिशव्या इतला वरीस चिकटाडी ऱ्हायनूत. मसाला कसा ऱ्हास, आमले माहीत नई का? तू एकलीच गई, आनि रागमा उठी आनि हाई मशीन लई उनी."

द्रौपदाबाई उठून मागच्या अंगणात गेली.

त्याच आठवड्यात अभिमन पुन्हा आला, जबडा साफ करायला. हात काळे करून तासभर झटला आणि काही झालं नाही. द्रौपदाबाईने त्याला जेवू घातलं. भाकरी, वांग्याची भाजी. तो जेवला, बोटं चाटली, आणि मग त्याला राहवलं नाही.

"काकू, शेठला सांगू नका. हे मशीन सुपारीचं आहे. साखर, सुपारी, डाळ, असं खळखळ पडणारं जे असतं, त्याच्यासाठी. भुकटीला स्क्रूवालं वेगळं येतं. एका सुपारीवाल्याने हे परत केलं होतं, तेव्हापासून गोडाऊनमध्ये पडून होतं."

"आणि मग मला छोटं सीलर ने, असं का म्हणत होता तो?"

अभिमन पाणी प्यायला. "तुम्ही गेल्यावर हसत होता. म्हणे, या लोकांना 'तुम्हाला झेपणार नाही' म्हटलं की ते झेपवूनच दाखवतात. म्हणे, सगळ्यात सोपं गिऱ्हाईक."

द्रौपदाबाईने त्याचं ताट उचलून मोरीत ठेवलं. तिच्या आयुष्यात राग ही एकच वस्तू अशी होती, जी तिला कोणी दिली नव्हती आणि कोणी काढून घेतली नव्हती. त्यावर ती कांडपातून बाहेर पडली, त्यावर चूल पेटवली. आणि या माणसाने तिच्याच रागाला हात घालून तिला एक भंगार विकलं होतं. ग्लासातल्या चहापासून आडनावापर्यंत, सगळं त्याने जाणून केलं असेल का? की अर्धं जाणून आणि अर्धं सवयीने? कुठलं जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना.

पण या वेळी ती ओरडली नाही. बायकांना ते जास्त भीतीदायक वाटलं. ती कमलबाईकडे गेली आणि म्हणाली, "तुनं बरोबर शे. आते सांग, काय करूत."

काय करायचं, ते एका जाहिरातीने ठरवलं. धुळ्याला एका मैदानावर उद्योगांचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात तोतारामशेठचा स्टॉल होता. आधारने पेपर आणून दाखवला. जाहिरातीत खाली ठळक अक्षरात होतं, 'आपला माल आणा, चालवून पाहा'.

"जाऊ नको म्हणत नाही," आधार म्हणाला. "शिव्या देऊ नको फक्त. तू शिवी दिली की तो सुटतो, आणि गोष्ट शिवीची होते."

ते बोलणं तिला पटलं. चौघी जणी गेल्या. प्रत्येकीच्या हातात मसाल्याचा डबा.

मैदानात गर्दी होती. शेठच्या स्टॉलवर तसलंच मशीन टकटक करत होतं. समोर व्यापारी उभे होते, आणि एक पोरगेला सेल्समन साखरेच्या पुड्या लोकांच्या हातात देत होता. वर कापडी बोर्ड, त्यावर तीच ओळ. द्रौपदाबाई थेट पुढे गेली.

"हे काय लिहिलंय वर, जरा मोठ्याने वाचता का?" तिने सेल्समनला विचारलं.

त्याने हसून वाचलं.

"आम्ही आपला माल आणलाय."

तोतारामशेठ मागच्या खुर्चीवरून उठला. त्याने तिला ओळखलं. "बाई, तुम्ही नंतर या, ऑफिसला बसून बोलू."

"ऑफिसला बसले होते मागे. तेव्हाही डबा आणला होता. उघडू दिला नाहीत." तिचा आवाज मोठा होता, पण चढलेला नव्हता. "आज उघडते."

"मशीन खराब होईल."

"का? तुम्हीच म्हणाला होतात ना, साखर चालली की मसालाही चालतो?"

समोरच्या व्यापाऱ्यांत हळदीचा धंदा करणारा एकजण होता. तो म्हणाला, "शेठ, टाकू द्या ना. माझीही भुकटीच आहे. मलाही बघायचंय." मागून आणखी दोघं म्हणाले, टाकू द्या. आता शेठला नाही म्हणता येईना. कमलबाईने साखर खाली काढली, द्रौपदाबाईने डबा ओतला आणि बटण दाबायला शेठलाच सांगितलं.

टक. टक. टक.

पहिली पुडी जवळजवळ रिकामी होती. पुढची फुटली आणि काळी भुकटी सेल्समनच्या पांढऱ्या शर्टावर गेली. त्यानंतरची दिसायला चांगली होती. कमलबाईने ती उचलली, आपल्या गुळगुळीत अंगठ्याने दाबली आणि हळदवाल्याच्या तळहातावर उपडी केली. मसाला त्याच्या हातावर सांडला. त्याने वास घेतला.

"मसाला झकास आहे," तो म्हणाला. "शेठ, मशीनचं काय?"

तोतारामशेठचा चेहरा लाल झाला. "ए बाई, बास झालं. माझ्या स्टॉलवर येऊन तमाशा करते? या लोकांना कुठे काही..." आणि तो थांबला, कारण लोक ऐकत होते.

"बोला पुढे," द्रौपदाबाई म्हणाली. "'या लोकांना' काय? इथे बोला. आणि मला ए बाई म्हणू नका. द्रौपदाबाई अडकमोल नाव आहे. तुमच्याच मशीनच्या पुडीवर छापलंय." तिने पिशवीतून पुनाने परत केलेली तेलकट लडी काढली आणि बोर्डाच्या दोरीला बांधून लटकावली. "सुपारीचं मशीन मसाल्याला विकलंत. परत न्या. नेईपर्यंत मी रोज येते. प्रदर्शन संपलं की दुकानासमोर येते. शिवी देणार नाही. फक्त डबा घेऊन येईन."

शेठने पोलिसांना बोलावतो म्हटलं. हळदवाला म्हणाला, बोलवा, मीही सांगतो काय बघितलं ते. पोलीस कोणी बोलावले नाहीत.

ती खरंच पुन्हा गेली. बायका पाळीपाळीने सोबत जायच्या. एस.टी.चे कंडक्टर ओळखायला लागले. पावसाळा तोंडावर आला तेव्हा शेठचा टेम्पो पिंप्राळ्यात आला आणि मशीन घेऊन गेला. अभिमन टेम्पोत मागे बसला होता, त्याने खाली मान घातली होती. पैसे परत मिळाले, ते सगळे नाही. वापरल्याचे म्हणून शेठने कापून घेतले. द्रौपदाबाईने त्यावरून आणखी भांडायचं ठरवलं होतं, पण कमलबाई म्हणाली, "आते पुरे. काम कर."

दुसरं मशीन निवडायला ती इंदूरला गेली. या वेळी कमलबाई सोबत होती, आणि निघण्याआधी खोलीत सगळ्या बायकांनी बसून काय काय बघायचं ते ठरवलं होतं. पहिल्या ठिकाणी मालकाने डबा उघडू दिला नाही, त्या तिथूनच परत फिरल्या. दुसऱ्या ठिकाणी मशीन चांगलं चाललं, पण कमलबाईने पुड्या घेऊन उन्हात ठेवल्या आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. तेल सुटलं. तिसऱ्या कारखान्यात स्क्रूवालं मशीन होतं. स्क्रू फिरायचा आणि ठरलेला मसाला दाबून खाली सोडायचा, नळीच्या अगदी तळाशी, त्यामुळे भुकटी उडायची नाही. पट्टीही जाड, दुहेरी. पण ते पूर्ण आपोआप चालणारं नव्हतं, लडी बाईलाच पायाने पेडल दाबून चिकटवावी लागायची. द्रौपदाबाईला ते आवडलं नाही. तिला टकटक करणारंच हवं होतं. कमलबाई म्हणाली, हेच घ्यायचं. दोघींचं तिथे कारखान्यातच वाजलं, मालक बघत राहिला. शेवटी कमलबाईचंच खरं झालं.

पुनाने पुन्हा माल घेतला, पण लगेच नाही. वर्षभर त्याने वाट पाहायला लावली. काही दुकानांनी आडनाव वाचून लडी परत ठेवलीही, तोतारामशेठचं ते म्हणणं अगदी खोटं नव्हतं. द्रौपदाबाई त्या दुकानांवरून जाताना थांबायची नाही, पण कोणतं दुकान ते विसरायची नाही. ढाबेवाले मात्र कधी काही बोलले नाहीत. त्यांना तवंग हवा होता.

पुढे तोतारामशेठने एकदा निरोप पाठवला. नवीन स्क्रूवाली मशीनं आली आहेत, झालं गेलं विसरा, तुम्हाला खास भावात देतो. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिने अंगणातच उभं केलं. पाणी दिलं, कारण ऊन होतं. उत्तर दिलं नाही.

तो गेल्यावर आधार म्हणाला, "काय व देवचंदनी माय, आते तरी राग सोड ना. धंदा चांगला चालू आहे."

"का सोडू?" ती म्हणाली. "मला काय तो फुकट मिळालाय?"

आणि आत पेडलपाशी बसलेल्या बाईची लडी तिरकी जाताना दिसली, म्हणून तिच्यावर ओरडत ती आत गेली.